राणीच्या हनुवटीखालची गाठ: बारवी ते उल्हासनगर, बकरीसोबत

नव्वदच्या दशकातली सहल आहे ही, पण म्हातारी बकरी घेऊन निघायचा कुणाचा बेत असेल तर आजही उपयोगी पडावी.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून आत्याचा निरोप आला, ‘राणीला गाठ झालीय. पोरगा रविवारी खाटकाला बोलावतोय. तू ये.’ राणी म्हणजे तिची बारा वर्षांची बकरी. मी अंबरनाथला नुकती नोकरीला लागले होते. पहिलीवहिली रजा बकरीपायी टाकली आणि सकाळची एसटी धरली. बदलापूर सोडलं की रस्ता झाडीत शिरतो, तेव्हा खिडकीच पकडा.

राणीच्या हनुवटीखाली लिंबाएवढी सूज लोंबत होती. आत्याने मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, स्वतः मात्र घास घेतला नाही. मग राणीला दवाखान्यात दाखवायला आम्ही तिघी काकडीच्या टेम्पोत चढलो. टेम्पोवाल्याने भाडं दोघींचंच घेतलं. बदलापूर गाव येईपर्यंत राणीने पाच-सहा काकड्या फस्त केल्या, तेव्हा बिचारा म्हणाला, “तिचंपण घ्यायला पायजे होतं!” आत्या पहिल्यांदा हसली.

तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी राणीची खालची पापणी ओढून दाखवली.

“आतून गुलाबी हवी. ही बघा, पांढरीफटक. अंगात रक्तच नाही.”

मग हनुवटीखाली सुई घातली. आत्याने माझा दंड आवळला. सुईतून निघालं स्वच्छ पाणी!

“ही गाठ नाही, आजी. पोटातले जंत रक्त पितात, रक्त पातळ झालं की असं पाणी उतरतं.” लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी जंतांची अंडीही शोधली.

आम्ही नाचायच्याच बेतात होतो, एवढ्यात बाईंचा हात कासेजवळ थांबला. “ही मात्र खरी गाठ.”

आत्याने राणीला जवळ ओढलं. “म्हंजे रविवार?”

“कसला रविवार? बोराएवढी आहे, कातडीखाली हलतेय. काढू. पण आधी रक्त भरू दे, आत्ता कापली तर झेपायचं नाही तिला.”

जंताचं औषध तिथेच पाजलं. रक्तवाढीचं मात्र उल्हासनगरला मिळेल म्हणाल्या. मग काय, निघालो! राणीला औषधाच्या दुकानाबाहेर बांधून आम्ही आत गेलो. सिंधी दुकानदाराने विचारलं, “पेशंट की उमर?”

“बारा,” आत्या म्हणाली. “दात पडलेत, नीट चावत नाय.”

“बारह साल में दाँत गिर गए?”

तेवढ्यात पेशंटने बाहेरच्या खोक्याचा पुठ्ठा चावायला घेतला. दुकानदार पोट धरून हसला आणि आम्हाला दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरी, खाऊ घातलं. उल्हासनगरला गेलात तर चुकवू नका. परतीच्या टेम्पोत आत्या पाड्यापर्यंत गाणी म्हणत होती. रविवारी आलेल्या खाटकाला तिने दारातूनच वाटेला लावलं.

महिन्याभरात पापणी गुलाबी झाली, सूज उतरली. बाईंनी कासेजवळची गाठ काढली. राणी त्यानंतर दोन पावसाळे जगली, तेही रुबाबात.

माझ्या ओढणीला लागलेला बकरीचा वास काही गेला नाही, ती टाकावी लागली. त्या दिवसातलं माझ्यापाशी काय उरलं ते कळलं, राणीचे टाके निघाल्यावर आत्या अंबरनाथला माझ्या दारात एकटीच उभी राहिली तेव्हा. नवं लुगडं, हातात पिशवी.

“राणी बरी ना?” मी घाबरून विचारलं.

“ती मस्त हाय गो. आता कुणी आजारी नसताना मला फिरवून आण.”