दिवस बुडाल्यावर तापणारी जमीन

चूक माझी होती. एका ग्रहाभोवती फिरून कायमचं गप्प झालेलं यान. त्यानं पाठवलेल्या जमिनीच्या तापमानाच्या नोंदी नीट लावून संग्रहात ठेवायचं काम साताऱ्यातल्या आमच्या छोट्या गटाकडे होतं. प्रमुख मी. यानाच्या वेळा मुळातच जागतिक वेळेत होत्या. मी त्या भारतीय समजलो आणि जागतिक करायला सगळ्या फायलींतून साडेपाच तास वजा केले. दिवसाच्या नोंदी रात्रीत जाऊन पडल्या.

हे आधी कळलं ते कंत्राटावर फायली तपासणाऱ्या, जतहून आलेल्या मुलीला. शनिवारच्या बैठकीत ती म्हणाली, “सर, हितं काय तर चुकतंय. दिवस बुडाल्यावर जमीन तापतीया.”

“तुज्या जतला तापत आसंल गं,” मी तिचाच हेल काढला. “हितं न्हाई.”

सगळे हसले. माझी आई अजून तसंच बोलते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीनं कागद पुढं सरकवला. “एकदा वेळ बगा की, सर.” मी त्यावर चहाचा कप ठेवला.

पुढं संग्रहाच्या बाहेरच्या परीक्षकांनी वेळा चुकीच्या म्हणून सगळा संच परत पाठवला. वेळेचा रकाना कुणी बघितला, असं वरिष्ठांनी विचारलं. ती समोरच बसली होती. मी तिच्याकडे बोट केलं. “कंत्राटी माणसं, काय करणार!”

तिचं कंत्राट संपवलं. तिचाच कागद समोर ठेवून मी फायली दुरुस्त केल्या आणि संच तयार करणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं. तिच्या कामाचा तेवढाच पुरावा होता. तो नसल्यानं तिला तसलं काम पुन्हा कुठं मिळालं नाही.

चार वर्षांनी ती सांगलीत झेरॉक्सच्या दुकानात आहे असं कळलं. गेलो. गिऱ्हाइकं होती. “माझं चुकलं,” मी हळूच म्हणालो.

“मला काय सांगताय? मला तवाच म्हाईत हुतं.” तिनं मान वर केली नाही. “जितं हसलासा, तितं सांगा. मी फोनवर ऐकते.”

शनिवारी बैठकीत मी तिला फोन लावला, तो टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो.

“वेळांची चूक माझी होती. हिनं सांगितलं, तर हिच्या बोलण्यावर तुम्हाला हसवलं. मग माझी खुर्ची वाचवायला हिचा बळी दिला. नाव यादीत परत घातलंय. गेलेली वर्षं मला परत देता येत नाहीत. मी हिची माफी मागतो.”