लेह ते श्रीनगर, पन्नास मिनिटं

“पन्नास मिनिटं,” निवृत्त सुभेदार मुलाणींनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. “लेह ते श्रीनगर, हवेतनं अडीचशे किलोमीटर. आपल्या साताऱ्यास्नं मुंबई हाय तेवढंच. काढा तिकीट.”

साताऱ्यात मी बावीस वर्षं विमानाची तिकिटं काढून देतो. निम्मी गिऱ्हाइकं फौजी घरांतली. मुलाणींचा मुलगा इमरान लेहला होता. रविवारी सकाळी इस्लामपुरात त्याच्या एकुलत्या बहिणीचा निकाह. रजा शनिवारपासून. दिल्लीमार्गे सगळी विमानं भरलेली. उरला एकच मार्ग: लेहहून श्रीनगर, तिथून दुसऱ्या कंपनीच्या विमानानं मुंबई, पुढे बस. ही जोडणी चुकली तर निकाह चुकला.

श्रीनगरला मध्ये पावणेदोन तास मिळत होते.

“सामान काय असेल?” मी विचारलं.

“दुसरं काय? पेटी.”

म्हणजे फौजीची काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर.

“पेटी आणायची नाही, सुभेदारसाहेब.”

“आवं, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. पेटीबिगर एकदाबी घरी आलो न्हाई. पोरानं पळून आल्यावानी यायचं व्हय?”

मी कागदावर मांडून दाखवलं. तिकिटं दोन कंपन्यांची. त्यामुळे पेटी पट्ट्यावरून उतरवून घ्यायची, बाहेर पडायचं, पुन्हा तपासणी करून आत यायचं. सामान घेणारा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. पेटी असेल तर हातात पाऊण तास. नुसती सॅक असेल आणि बोर्डिंग पास आधीच मोबाइलवर काढला असेल, तर गेट बंद होईपर्यंत एक तास वीस मिनिटं.

मुलाणींनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर, आणि माझा हिशेब त्याला ऐकवला.

“अब्बा, काका बरोबर सांगत्यात,” इमरान म्हणाला. “हितल्यावानी श्रीनगरलाबी विमानात चढायच्या आधी आपापलं सामान वळखून दावाय लागतं. त्यातबी टाइम जातो.”

“आन् भनीची शाल?”

“सॅकमध्ये बसंल.”

“न्हाई बसली तर?”

“तर पांघरून येतो.”

मुलाणी पहिल्यांदा हसले. मी तिकिटं काढली.

शनिवारी लेहचं विमान ढगांमुळे पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. श्रीनगरला उतरलं तेव्हा मुंबईच्या विमानाला पंचावन्न मिनिटं उरली होती. सामानाचा काउंटर पाच मिनिटांपूर्वीच बंद झाला होता. इमरान गेटवर पोहोचला, तेव्हा ते बंद व्हायला चार मिनिटं होती. “बसलो काका,” एवढाच मेसेज आला.

रविवारी निकाह ठरल्या वेळी लागला. मुलाणींनी हॉलमध्ये माझी ओळख करून दिली, “हे आमचं मूव्हमेंट कंट्रोल.” सैनिकांच्या प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीचं हे नाव. बावीस वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ही सर्वांत मोठी पदवी.

वेबसाइटवरची पन्नास मिनिटं खोटी नसतात. फक्त ती विमानाची असतात. प्रवाशाची वेगळी मोजावी लागतात.