बियाण्याचा मांडव

शकुंतलाकाकूंनी त्या दिवशी गोदाम उघडलं नसतं, तर मी हे लिहायला बसलेच नसते. पाड्यावर राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं पोटासाठी बाहेर पडलेल्यांना त्यांचं नाव आधी कळावं.

सातवीत शाळा सुटली आणि सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरून मी द्राक्षबागांच्या कामाला जाणाऱ्या मजुरांच्या टोळीबरोबर पिकअपमध्ये चढले. आईने ओट्यावरूनच सांगितलं, "यमे, दुसऱ्याच्या घरात पाय जपून ठेव." काकूंच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत आले, ती तिथलीच झाले. आता छाटणी, पॅकिंग, मजुरांची हजेरी, सगळं मीच बघते. तरी पाड्यावरून फोन आला की अजून हातातलं काम टाकून आधी तो उचलते.

गेल्या मे महिन्यात असाच फोन आला. वादळाने अर्ध्या पाड्याची कौलं, पत्रे उडवले होते आणि पाऊस थांबत नव्हता. टोळीतल्या बायकांना घेऊन मी नाशिकला धावले. चादरी, तांदूळ, तेल, काडेपेट्या गोळा केल्या. पाड्यावरच्या गुरुजींनी राहायला शाळा उघडून दिली होती, पण कोणी घर सोडेना. मी फोनवर आईवर चिडले.

"आम्ही जाऊ शाळेत," आई म्हणाली, "पण नागलीचं बियाणं कोण नेईल? भिजलं त पुढं पेरशील काय, तुझ्या चादरी?"

खरंच होतं. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं घराघरांत शेणमातीने लिंपलेल्या, माणसाएवढ्या बांबूच्या कणगीत. हलवली तर मोडणार.

काकूंकडे बागेवरचं जुनं, फाटकं प्लास्टिक मागितलं. त्यांनी गोदामाची चावी काढली आणि नव्या रोलांकडे बोट केलं. पुढच्या हंगामाचे होते ते.

"काकू, आणि द्राक्षं?"

"द्राक्षं अजून कुठं लागलीत? आज जे भिजतंय ते आज झाक. अन् रडू नको, लय काम हाय."

रोल, तार, बांबू, सामान घेऊन आम्ही घाट ओलांडला. तार ताणायची, प्लास्टिक ओढायचं, वाऱ्याने फडफडणार नाही असं बांधायचं. दर वर्षी लोकांच्या बागांवर आम्ही हेच करतो. स्वतःच्या घरांवर पहिल्यांदाच करत होतो.

"कोणाचं लगीन गं, एवढा मांडव?" पिकअपवाला खालून ओरडला.

"नागलीचं!" छपरावरून माझी चुलती. "तू वऱ्हाडी ना? मग धर की तार!"

अंधार पडायच्या आत शेवटची कणगी झाकली. आईने कोपरापर्यंत हात घालून बियाणं चाचपलं. "कोरडं हाय." मग कोणाला समजवावं लागलं नाही. चादरी खांद्यावर टाकून सगळा पाडा आपणहून शाळेकडे निघाला. पाऊस कोसळत होता. म्हटलं, कोसळ किती कोसळायचं ते!

आज उतारावर नागली उभी आहे. आधी वाटायचं, घर मागे राहिलं आणि मी पुढे आले. आता घर म्हणजे मला एकच जागा सांगता येत नाही. जिथे हक्काने मागता येतं तेही घर, आणि जिथे ते नेऊन पोचवायचं तेही.

काकू, कधीतरी तुमच्या बागेवर गारांचं आभाळ येईल. येऊ नये, पण आलंच, तर कोणाला हाक मारायची गरज नाही. सगळा पाडा येईल, आणि सगळ्यांच्या पुढे मी असेन.