खेळ नाही, सूज आहे

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "ट्यूबरक्युलोसिस ऑफ द नी." म्हणजे गुडघ्याचा क्षय. मी वहीत लिहून घेतलं.

माझा धाकटा भाऊ दशरथ उजवा पाय लांब करून बाकावर बसला होता. "क्षय तं छातीले होते ना, डॉक्टरसाहेब? मले तं चेंडू लागला होता."

चेंडू लागला होता हे खरं. दशरथ आमच्या बालाघाटच्या हॉकी संघाचा सेंटर फॉरवर्ड. समोरचा संघ मैदानात उतरण्याआधी विचारायचा, "दशरथ आया क्या?" त्या हिवाळ्यात त्याला जबलपूरच्या निवड-चाचणीला बोलावलं होतं. तिथे निवड झाली असती तर तो राज्याच्या संघातून खेळला असता.

हॉकीवाल्याच्या घरात सुजलेला गुडघा कोणी मनावर घेत नाही. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका, सगळं लिहून ठेवायची सवय. त्याच्या प्रत्येक सामन्याची नोंद माझ्याकडे होती: गाव, गोल, कुठे लागलं. उन्हाळ्यात राजेगावला गुडघ्यावर चेंडू बसला, त्याचीही होती. शेक मीच दिला, पट्टा मीच बांधला, मालिशवाला मीच बोलावला. क्षयाच्या सांध्याला मालिश करू नये, हे तेव्हा माहीत नव्हतं. पुढे रोज संध्याकाळी त्याचं अंग गरम लागायला लागलं, सदरे सैल झाले. तेव्हा नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर गाठलं.

तिथे दोन दिवस तपासण्या झाल्या. रक्त, एक्स-रे, मग अ‍ॅस्पिरेशन, म्हणजे सुईने सांध्यातलं पाणी काढणं. आणि शेवटी हे निदान. मला पटेना. मी वही डॉक्टरांपुढे ठेवली.

त्यांनी ती शांतपणे चाळली. "पावसाळ्याची पानं कुठे आहेत?"

"पावसाळ्यात मैदान बंद असतं. काही झालं नाही, म्हणून लिहिलं नाही."

"आणि सूज?"

मला पट्टा आठवला. पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतलेला पट्टा पोळा येईपर्यंत गुडघ्याभोवती पुरेना, म्हणून मी लांब पट्टा आणला होता. ते सांगितलं.

"मग लिहा, बाई. खेळ नाही, सूज आहे. नुसता मार असता तर एवढ्या विश्रांतीने उतरला असता."

पाय प्लास्टरमध्ये गेला. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या. या इंजेक्शनने कानात आवाज येऊ लागला किंवा चक्कर आली, तर लगेच सांगावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कानात आवाज येत होता, तरी दशरथने चार दिवस सांगितलं नाही. मी रोज सकाळी यादी घेऊन विचारू लागले: ताप, भूक, कान, चक्कर, झोप.

"तुह्या शाळेतल्या पोरी कशा जगत असतीन वं ताई?"

"त्या विचारल्यावर उत्तर देतात."

निवड-चाचणीचा दिवस वॉर्डातच गेला. त्या दिवशी त्याने यादीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

कित्येक महिन्यांनी रोग आटोक्यात आला, पण सांधा झिजून गेला होता. डॉक्टरांनी आर्थ्रोडेसिस सुचवलं, म्हणजे शस्त्रक्रियेने दोन्ही हाडं कायमची एकमेकांना जोडणं. "पाय वाकणार नाही, पण दुखणारही नाही. चालाल. तसाच ठेवला तर रोग उलटायची भीती आहे."

"धावता येईन का?"

"नाही."

दशरथ बराच वेळ प्लास्टरवर बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडे वळला. "ताई, लिवलं का?"

"नाही."

"लिव." आणि त्याने संमतीच्या कागदावर सही केली.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. तुमच्या घरी कोणाचा सांधा असा सुजला, तर काय झालं याबरोबर काय झालं नाही हेही लिहून ठेवा. न लिहिलेल्या पानांनी माझी चार महिन्यांची चूक दाखवली. ती पानं विचारणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

नागपूरहून घरी आल्यावरचा पहिला सामना मला आठवतो. दशरथ मैदानाच्या कडेला खुर्चीवर, पाय सरळ समोर. हाफटाइमपर्यंत तो नुसता बघत होता. मग एकदम ओरडला, "अबे, आडवा दे! आडवा!" शेवटपर्यंत ओरडतच राहिला.

घरी येऊन मी टेपने गुडघा मोजला आणि वही उघडली.

"आज काय लिवून राह्यली? मी तं खुर्चीवर बसलो होतो."

मी लिहिलं: खेळ नाही. सूज नाही.

त्याने वही ओढून घेतली आणि ती ओळ दोनदा वाचली. "गळा बसला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हेबी लिव."

लिहिलं.