मीटर पुण्याला होता

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठला, हेही सांगता यायचं नाही. रोह्याच्या त्या टाकीची घटना मात्र आजही तपशीलवार आठवते, आणि त्याचं कारण कंपनीपेक्षा मीच जास्त आहे.

मी तेव्हा रोह्याच्या पोलीस ठाण्यात होतो. एका बुधवारी सकाळी औद्योगिक वसाहतीतून फोन आला. रसायनांच्या कंपनीत सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कंत्राटी कामगार बेशुद्ध पडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. माणूस चाळिशीचा, धरमतर खाडीकाठचा, मिठागरावर वाढलेला. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला.

कंपनीच्या व्यवस्थापकांनी मला बसवून घेतलं आणि एक जाडजूड फाइल पुढे ठेवली. मागे भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र होतं, गुणवत्ता, पर्यावरण आणि सुरक्षितता या तिन्हींचं मिळून एकच. फाइलमध्ये त्या दिवशीचा टाकीत उतरण्याचा परवाना होता. सकाळी साडेनऊला आतली हवा तपासली, ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे बाहेर असतो तेवढाच. खाली सुरक्षा अधिकाऱ्याची सही. ‘हवा चांगली होती साहेब,’ व्यवस्थापक म्हणाले, ‘आता माणूसच पिऊन आला असेल तर आम्ही काय करणार?’ इतकी नीटनेटकी फाइल मी पोलीस खात्यात कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगतो, मी तिला भुललो.

संध्याकाळी त्याची बायको ठाण्यात आली. कोणावर आरोप करायला नव्हे. ती रडतही नव्हती. कंपनीतलं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘साहेब, तो दारूला शिवायचा नाय. मेला तो मेला, पण पिऊन मेला असं नका लिवू. पोरीला उद्या गावात राहायचं हाय.’

पोटात दारू होती की नाही हे सांगणारा व्हिसेराचा अहवाल यायला महिने लागतात. तोवर गावात जे बोललं जाईल तेच खरं ठरणार, हे मला कळत होतं. पण माझ्या हातात सांत्वनापलीकडे काही नव्हतं.

तीन दिवसांनी ठाण्यात एका बाईंचा फोन आला. नाव सांगितलं नाही, आवाज दबका. ‘हवा मोजायचा मीटर त्या दिवशी कुठे होता, तेवढं विचारा,’ एवढं बोलून ठेवून दिला.

मी पुन्हा कंपनीत गेलो आणि सुरक्षेची फाइल बाजूला ठेवून गुणवत्ता विभागाच्या नोंदी मागितल्या. तिथे प्रत्येक उपकरणाचा हिशेब असतो, कधी तपासणीला गेलं, कधी परत आलं. टाकीतली हवा मोजायचा मीटर कंपनीत एकच होता. तो सोमवारी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला होता आणि शुक्रवारी परत आला होता. परतीच्या कुरिअरची पावतीसुद्धा चिकटवलेली. जिने कोणी ही नोंदवही ठेवली होती, तिने आपलं काम चोख केलं होतं. ती नोंदवही आणि परवान्यांची फाइल मी पंचांसमक्ष जप्त केली.

सुरक्षा अधिकाऱ्याला ठाण्यात बोलावलं. पेणच्या एका शिक्षकांचा मुलगा, सभ्य, शिकलेला. अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो. तो आधीच घाबरलेला असतो आणि आणखी घाबरला की वकील गाठतो. मी परवाना आणि कुरिअरची पावती शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही तारखा मोठ्याने वाचायला सांगितलं. पहिली वाचली. दुसरीला त्याने पाणी मागितलं.

मग त्याने सांगितलं, पुढच्या सोमवारी ऑडिट होतं. ऑडिटरला मीटरचं ताजं प्रमाणपत्र दाखवायचं होतं, म्हणून मीटर पुण्याला गेला. टाकीही साफ दिसायला हवी होती, म्हणून माणूस आत गेला. आठवड्याचे सगळे परवाने याने आधीच एका बैठकीत भरून ठेवले होते.

‘मग २०.९ कुठून आलं?’ मी विचारलं.

‘दर वेळी तेवढंच यायचं, साहेब. म्हणून तेवढंच लिहायचो.’

मीटर नाही म्हटल्यावर काम थांबवलं का नाही, असं विचारलं तर तो म्हणाला, ‘परवाना भरलेला होता.’ हे त्याने मला चकवायला सांगितलं नाही. त्याला ते खरोखर उत्तर वाटत होतं. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्यावर आणि व्यवस्थापकांवर दाखल केला. खटला मी निवृत्त झालो तेव्हाही चालूच होता. व्हिसेराचा अहवाल चार महिन्यांनी आला. दारूचा अंश नव्हता.

ते सांगायला मी स्वतः तिच्या गावी गेलो. पेणच्या पुढे गाडी सोडून बांधावरून बरंच चालावं लागलं. दोन्ही बाजूंना मिठागरं. तिने अहवालाचा कागद माझ्याकडून वाचून घेतला, मग शेजारणीला हाक मारली, ‘ये गो, ऐक साहेब काय सांगतात.’ मी तिच्यासाठीही सगळं पुन्हा सांगितलं.

निघताना तिने विचारलं, ‘साहेब, तुम्ही पेणला व्हता ना आधी? गावात पयल्यांदाच आलात?’

रोह्याच्या आधी मी दोन वर्षं पेणला होतो. त्या ठाण्यातल्या गावभेटीच्या वहीत या गावापुढे दर महिन्याला माझी सही आहे. वार्षिक तपासणी जवळ आली की आम्ही ती वही एका दुपारी बसून पुरी करायचो. वरिष्ठांनी ती चाळून चांगला शेराही दिला होता. प्रत्येक सहीपुढे माझ्याच अक्षरात एकच नोंद आहे: गावात शांतता.

‘व्हय,’ मी तिला म्हणालो, ‘पहिल्यांदाच.’