मिठागरावरचा आठवा फोटो

पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. भुतंखेतं, भानामती... कुणी विषय काढला की मी थट्टाच करायचो. पण ही एक गोष्ट मला कधी थट्टेवारी नेता आली नाही.

१९५३चा उन्हाळा. बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी सोलापूरहून ठाण्याला, नौपाड्यात मावसभावाकडे — वसंताकडे — आलेलो. मामांचा बॉक्स कॅमेरा मागून आणलेला. डोक्यात एकच खूळ: तलाव, देवळं सगळेच काढतात, आपले फोटो वेगळे हवेत! म्हणून वसंता मला कोपरीपलीकडच्या मिठागरांवर घेऊन गेला.

सकाळचे साडेदहा. मिठाच्या ढिगांवर डोळे ठरत नव्हते. एका फिल्मवर आठच फोटो निघत. सात काढून झालेले. तेवढ्यात डोक्यावरची पाटी उतरवून एक बाई पुढं आली. पार्वती तिचं नाव. चारेक वर्षांच्या मुलीला तिनं तोंड पदरानं पुसतच आणलं.

"दादा, माजे पोरीचा येक फोटू कारा ना. येकपन नाय तिचा."

कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेत आठाचा आकडा स्वच्छ दिसत होता, म्हणजे शेवटचा फोटो अजून बाकी होता. मी म्हटलं, "फिल्म संपली, बाई."

ती मुलीला हाताशी धरून ढिगांकडे परत गेली. तिची पाठ वळताच मी उलट्या बाजूचा फोटो घेतला — मोकळा बांध आणि मागं खाडी.

"अरे, काढायचा होतास एक," वसंता म्हणाला.

"पोरं काय, सोलापुरातही आहेत."

चार दिवसांनी स्टुडिओतून प्रिंट आल्या. आठव्या फोटोत बांधावर ती मुलगी उभी! सरळ माझ्याकडे बघत. एकावर एक दोन फोटो पडले म्हणावं, तर मी तिचा फोटो काढलाच नव्हता. मधे आली म्हणावं, तर आम्ही दोघांनी तिला आईबरोबर जाताना पाहिलेलं. आणि खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. माझा सगळ्यात वेगळा फोटो तोच होता!

वसंताच्या आग्रहानं प्रिंट द्यायला गेलो. झोपडीच्या दारात पार्वतीची सासू बसलेली. म्हणाली, त्याच रात्री पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या, सकाळी संपली.

मी फोटो पुढं केला. म्हातारीनं हंबरडा फोडला. "अगो पार्वते, आपली पोर बघ!"

पार्वती धावत आली. फोटो उन्हात धरला, अंगठ्यानं पुसला, परत धरला.

"कुठं हाय? हा तं नुसता खारीचा पानी हाय."

"ही काय, बांधावर," वसंतानं बोट ठेवलं.

"नाय रं दादा. बांध मोकला हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तवा खोटं बोललास. आता सगली मिलून बोलता."

मी पळ काढला. पुढं वसंताचं पत्र आलं. पार्वती कामाला जात नाही. बाजाराच्या वाटेवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवते, "पोर कुठं हाय, बोट लावा" म्हणते. प्रत्येक जण नेमक्या एकाच जागी बोट ठेवतो. तिला फक्त बोट दिसतं.

निगेटिव्ह माझ्याकडे आहे. भिंगाखाली किती वेळा पाहिली असेल... मुलगी आहे. कशी आली, आणि एकट्या आईलाच का दिसली नाही — मला सांगता येत नाही.