दाराच्या कागदाला भोक

सुट्ट्या लागल्या की जुन्या कोरियन कौलारू घरांचं ते गाव बघायला पर्यटकांची झुंबड उडायची आणि मालसुन आजीचं डोकं फिरायचं. "घर आहे हे, प्राणिसंग्रहालय नाही!" असं ती ओट्यावरून दिवसभर खेकसायची.

त्या दुपारी ती खोलीत किमची-भात खात बसली होती. तेवढ्यात लाकडी जाळीच्या दारावर चिकटवलेल्या पातळ कागदाला बोटाएवढं भोक पडलं आणि त्यातून एक डोळा आत डोकावला. आजीने खाडकन दार उघडलं. पर्यटकांना भाड्याने मिळणारा जुन्या पद्धतीचा रेशमी पोशाख घातलेली एक पोरगी समोर थिजून उभी.

"बोट ओलं केलं होतंस?"

"हो... थुंकीने. माझी आजी सांगायची, तिच्या लग्नाच्या रात्री बायकांनी असंच..."

"अगं भवाने, ते नव्या नवरीच्या दाराला! माझ्या नणंदांनी तर या दाराची पार चाळण केली होती. लाजून दिवा विझवला तो माझ्या नवऱ्याने, मी नाही!" आजी खुदकन हसली आणि लगेच डोळे वटारून म्हणाली, "बरं, काय दिसलं आत?"

"तुम्ही... एकट्याच जेवताय."

आजीने वळून दुसरी वाटी काढली.

"मग नुसती बघत काय उभी राहिलीस? बूट काढ!"